शंभर पानांचं टेंडर कुठून वाचायला घ्यायचं

सरकारी खरेदीत नव्याने उतरणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: दर किती भरू? खरं तर हा शेवटी विचारायचा प्रश्न. आधीची नव्वद-शंभर पानं न वाचता भरलेला दर अंदाजपंचे असतो, आणि असं काम मिळालं की वर्षभर ते निस्तरत बसावं लागतं.

घोळ सुरू होतो तो निविदा अर्जासारखी भरण्यातून. नाव, पत्ता, पॅन, जीएसटी क्रमांक, अनुभवाचे दाखले, सही, शिक्का, अपलोड. पण पोर्टलवरून उतरवलेली ती पीडीएफ म्हणजे पुढचा करारनामाच असतो, फक्त तुमचं नाव आणि किंमत यांची जागा कोरी ठेवलेला. पुरवठा कधी, कुठे, उशीर झाला तर काय, पैसे केव्हा, भांडण झालं तर कोणापुढे, हे सगळं त्यात आधीच ठरलेलं असतं. काम मिळाल्यावर ‘आता अटी बोलून घेऊ’ असं म्हणायला जागा उरत नाही.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार पोर्टलवरची निविदा सूचना हा प्रस्ताव धरला जात नाही, ते फक्त प्रस्ताव मागवणारं आवाहन असतं. प्रस्ताव तुम्ही देता, खातं स्वीकृतीपत्र पाठवतं आणि करार जुळतो. म्हणून सूचनेच्या तळाशी ‘कोणतेही कारण न देता सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे’ ही ओळ हमखास असते. आणि म्हणूनच तुम्ही स्वतःच्या चार अटी घातल्या की निविदा ‘सशर्त’ ठरून बाद होते. हे अनवधानानंही घडतं. तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर सोडून बाकीच्या कागदांत, आपल्या लेटरहेडवरचं पत्र जोडलं जातं आणि लेटरहेडच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं: ‘ऑर्डरसोबत ५० टक्के आगाऊ, वाहतूक वेगळी’. छाननी समितीसाठी तेवढं पुरेसं होतं. निविदेसाठी कोरं लेटरहेड वेगळं छापून घ्या.

आधी पाहा, नियम कुणाचे

सगळी सरकारी टेंडरं एका साच्यातली नसतात. केंद्राची मंत्रालयं आणि त्यांची कार्यालयं सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ म्हणजे ‘जीएफआर’ पाळतात. त्याच्या जोडीला अर्थ मंत्रालयाच्या खरेदीच्या नियमपुस्तिका आहेत, आणि २०२१ मध्ये आलेला वस्तुखरेदीचा आदर्श निविदा नमुनाही आहे. महाराष्ट्र शासनाच्या खात्यांसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहे, आणि तिच्यात नंतरच्या शासन निर्णयांनी फेरफार झालेले आहेत. बांधकामं असतील तर सार्वजनिक बांधकाम विभागाचे जुने नमुने चालतात. महापालिका, जिल्हा परिषदा, महामंडळं यांच्या कागदांत या सगळ्यांचं मिश्रण सापडतं. कधीकधी एकाच दस्तऐवजात दोन वेगवेगळ्या नमुन्यांतून उचललेली आणि एकमेकांशी न जुळणारी कलमंही सापडतात.

हा फरक खिशाला लागतो. केंद्राच्या टेंडरला मिळणारी सवलत राज्याच्या टेंडरला आपोआप लागू होईलच असं नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं २०१२ चं सार्वजनिक खरेदी धोरण केंद्रीय मंत्रालयं आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांना बंधनकारक आहे. राज्यात काय सूट आहे ते त्या-त्या निविदेतच पाहावं लागतं. ‘मागच्या वेळी चाललं होतं’ हा युक्तिवाद छाननीत टिकत नाही.

गठ्ठ्यात काय काय असतं

केंद्राचा २०२१ चा नमुना डोळ्यांपुढे ठेवला तर बाकीचे कागद समजायला सोपे जातात. त्यात आठ विभाग आणि शेवटी भरायचे नमुने आहेत. पहिली निविदा सूचना, तिच्यासोबत सगळ्या तारखा-रकमांचा सारांश. दुसऱ्यात निविदाकारांना सूचना. तिसरं त्या सूचनांचं परिशिष्ट. चौथ्यात कराराच्या सर्वसाधारण अटी, पाचव्यात विशेष अटी. सहावं मागणीपत्रक: काय, किती, कुठे, कधी. सातव्यात तांत्रिक तपशील आणि गुणवत्ता तपासणी, आठव्यात पात्रतेचे निकष.

यातल्या जोड्या ओळखल्या की अर्धं काम झालं. दुसरा आणि चौथा विभाग छापील असतात, टेंडरागणिक बदलत नाहीत, आणि सगळ्यात लांबलचक तेच असतात. तिसरा आणि पाचवा छोटे असतात आणि खास त्या खरेदीसाठी लिहिलेले असतात. दोन्हींत विरोध दिसला तर छोट्याचं म्हणणं चालतं: परिशिष्ट सूचनांवर मात करतं, विशेष अटी सर्वसाधारण अटींवर. सर्वसाधारण अटींत एक लिहिलंय म्हणून निर्धास्त राहिलेला पुरवठादार विशेष अटींतल्या एका ओळीनं अडचणीत येतो.

म्हणून वाचनाचा क्रम छपाईचा ठेवू नका. सारांश पाहून तारखा टिपा. मग थेट पात्रता. पात्रताच बसत नसेल तर पुढचं वाचायचं कारण नाही, तो वेळ दुसऱ्या टेंडरला द्या. बसत असेल तर मागणीपत्रक, मग विशेष अटी, मग देयकाची कलमं. सर्वसाधारण अटी एकदा नीट वाचून ठेवल्या की त्याच खात्याच्या पुढच्या टेंडरला नुसता फरक शोधायचा असतो.

मागणीपत्रकाला लागलेली जोडपत्रं लोक चाळून सोडतात, आणि वाहतुकीचा खर्च तिथेच दडलेला असतो. समजा ६०० बाकांची निविदा आहे. वरच्या पानावर जिल्ह्याचं नाव दिसतं, तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी दोन ट्रक पोहोचवण्याचा हिशेब धरता. जोडपत्रात मात्र ७० शाळांची यादी असते, आणि दराच्या व्याख्येत ‘सर्व करांसह, पोहोच, चढ-उतार व उभारणीसह’ असे शब्द असतात. म्हणजे बाक ७० ठिकाणी उतरवायचे, तिथे जोडून द्यायचे, आणि ७० मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याच्या पोचपावत्या बिलाला लावायच्या. एका शाळेची पावती राहिली तर बिलही तिथेच अडतं. बाकाची किंमत तीच, पण कामाचा आकार पार वेगळा.

बांधकामाचे नमुने

रस्ते, इमारती, दुरुस्ती या कामांत ‘बी-१’, ‘बी-२’ हे शब्द कानावर पडतात. बी-१ हा टक्केवारीचा नमुना. खातं प्रत्येक बाबीचं परिमाण आणि दर लावून अंदाजपत्रकीय किंमत काढतं, तुम्ही सगळ्यावर मिळून एकच टक्का भरता, इतके टक्के कमी किंवा इतके टक्के जास्त. ठेकेदारांच्या भाषेत ‘बिलो’ आणि ‘अबव्ह’. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीला तुमचा स्वतःचा दर लिहायचा असतो. तिसरा ‘सी’ नमुना एकमुस्त रकमेचा, पुलासारख्या कामात ठेकेदाराचं स्वतःचं संकल्पचित्र असतं तेव्हा लागतो.

बी-१ दिसायला सगळ्यात सोपा, आणि फसवाही तोच. एकच टक्का सगळ्या बाबींना लागतो. खात्याच्या दरसूचीत एखाद्या बाबीचा दर मुळातच बाजारभावापेक्षा कमी असेल आणि कामात नेमकी तीच बाब मोठी असेल, तर ‘१५ टक्के बिलो’ म्हणजे त्या बाबीवर दुहेरी मार. टक्का भरण्याआधी परिमाणपत्रकातल्या पाच-सहा मोठ्या बाबींचा खर्च स्वतः काढून पाहिला पाहिजे. बाकीच्या पन्नास किरकोळ बाबींवर एवढा वेळ घालवायची गरज नसते.

शिवाय ठरावीक मर्यादेच्या खाली दर भरला तर अतिरिक्त सुरक्षा ठेव मागतात, ती किती आणि कोणत्या स्वरूपात हे निविदेतच दिलेलं असतं. आणि बी-१ मधलं प्रसिद्ध कलम ३८ विसरू नका. एखाद्या बाबीचं परिमाण प्रत्यक्षात वाढलं तर २५ टक्क्यांपर्यंतची वाढ तुम्हाला निविदेच्याच दरानं करून द्यावी लागते, दराचा वेगळा विचार त्यापुढच्या वाढीसाठी होतो. तोट्याची बाब वाढली की तोटाही तेवढा वाढतो.

पात्रतेची गणितं

कामांच्या निविदांत ४०-५०-८० हे आकडे वारंवार दिसतील. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या परिपत्रकातून ते आलेत: मागच्या सात वर्षांत अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची तीन तत्सम कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. सोबत तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान ३० टक्के. खाती यात आपापले बदल करतात, त्यामुळे आकडे निविदेतलेच धरायचे.

खरी मेख ‘तत्सम’ या शब्दात आहे. त्याची व्याख्या कुठेतरी दिलेली असते, बहुतेकदा पात्रतेच्या तक्त्याखालच्या टिपेत. ‘शासकीय कार्यालयास स्टील फर्निचरचा पुरवठा’ अशी व्याख्या असेल तर खासगी कंपनीला दिलेलं लाकडी फर्निचर उपयोगी पडणार नाही, मग ते कितीही कोटींचं असो. व्याख्या अवास्तव अरुंद वाटली, एखाद्याच उत्पादकाला बसेल अशी वाटली, तर निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न टाका. जीएफआरच्या १७३ व्या नियमानुसार निविदेच्या अटींवर, प्रक्रियेवर आणि आपली निविदा नाकारण्यावर प्रश्न विचारण्याची सोय निविदेतच असायला हवी. लोक बैठकीला जातात आणि तोंडी बोलून येतात. तोंडी उत्तराला किंमत नसते, जे शुद्धिपत्रकात छापून आलं तेच खरं.

कागदांमध्ये छोट्या गोष्टींवर माणसं बाद होतात. सनदी लेखापालाच्या दाखल्यावर यूडीआयएन, म्हणजे दाखल्याची खातरजमा करायचा क्रमांक, नाही. काम पूर्णत्वाचा दाखला जोडायचा तिथे नुसता कार्यारंभ आदेश जोडलाय. प्रतिज्ञापत्र निविदेतल्या नमुन्यात हवं होतं, ते स्वतःच्या शब्दांत केलंय. हे सगळं एका बैठकीत तपासता येतं, पण शेवटच्या दिवशी दुपारी नाही.

पैसा कुठे आणि किती काळ अडकतो

इसारा रक्कम, म्हणजे ईएमडी, हे तुम्ही गंभीर आहात याचं तारण. जीएफआरनुसार ती अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते. निविदा वैध असण्याच्या काळात तुम्ही माघार घेतली तर ती जप्त होते. म्हणून वैधता ९० दिवस आहे की १८०, हे पाहूनच दर भरायचा. त्या काळात पोलादाचा भाव वर गेला तरी तुमचा दर तोच राहतो. काम मिळालं नाही तर ही रक्कम परत येते, आणि केंद्राच्या नियमात त्याची कमाल मुदत करार दिल्यापासून ३० दिवस आहे.

काम मिळाल्यावर इसाऱ्याच्या जागी कामगिरी हमी येते, म्हणजे काम करारानुसार पुरं कराल याचं तारण. तिची मुदत वॉरंटीच्या काळासह सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यावर आणखी ६० दिवस. ‘३ वर्षांची वॉरंटी’ ही ओळ तांत्रिक तपशिलात असते, म्हणून ती तांत्रिकच वाटते. प्रत्यक्षात तीन वर्षं दोन महिने तुमची बँक हमी अडकून राहते आणि बँक तिच्यापोटी ठेव आणि वार्षिक शुल्क घेते.

आकडे मांडून पाहू. अंदाजित किंमत ४० लाख, इसारा ३ टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. तुमचा दर जीएसटी वगळून ३६ लाख. कामगिरी हमी ५ टक्के, १ लाख ८० हजार, तीन वर्षांहून जास्त काळ. नफा ८ टक्के धरला तर २ लाख ८८ हजार. उशिराचा दंड, जो ‘विलंब आकार’ किंवा ‘एलडी’ म्हणून येतो, वस्तुपुरवठ्यात सर्रास आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल १० टक्के असा असतो. सगळा माल चार आठवडे उशिरा गेला तर ७२ हजार, म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा गेला. कमाल दंड ३ लाख ६० हजार, तो नफ्यापेक्षा जास्त. करार अडीच लाखांच्या वर असला की बिलातून २ टक्के जीएसटी टीडीएसही कापला जातो. तो पुढे तुमच्या जीएसटी खात्यात जमा दिसतो, पण तोपर्यंत हातातले ७२ हजार कमीच. या चार ओळी दर भरण्याआधी कागदावर मांडणारे फार थोडे.

एक सार्वत्रिक गैरसमज इथेच दूर करतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, असली की ‘सगळं माफ’ असं ऐकायला मिळतं. केंद्राच्या धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांना माफी आहे ती निविदा शुल्क आणि इसारा रकमेची. कामगिरी हमी माफ नसते. आणि ही माफी उत्पादक व सेवा पुरवठादारांसाठी आहे. २०२१ मध्ये किरकोळ-घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती, खरेदी धोरणाचे लाभ त्यात येत नाहीत. दुसऱ्याचा माल विकणाऱ्यानं उद्यम प्रमाणपत्र जोडून इसारा भरला नाही तर निविदा तांत्रिक छाननीतच बाद होऊ शकते.

त्याच धोरणात एक चांगली तरतूद आहे, तिची माहिती मात्र असावी. सर्वांत कमी दर बड्या कंपनीचा असेल आणि तुमचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तो कमी दर मान्य करून मागणीच्या २५ टक्क्यांपर्यंतचा पुरवठा तुम्हाला मिळू शकतो. देशात बनलेल्या मालाला प्राधान्य देणारा ‘मेक इन इंडिया’चा २०१७ चा आदेश वेगळा. त्यात मालातलं स्थानिक मूल्य ५० टक्के किंवा अधिक असेल तर पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार, २० ते ५० मध्ये दुसऱ्या वर्गाचा. त्यासाठी स्वयंघोषणा द्यावी लागते आणि ती खोटी निघाली तर काळ्या यादीची वाट धरावी लागते.

दोन लिफाफे आणि पोर्टलच्या खोड्या

आता लिफाफे कागदाचे राहिले नाहीत, नाव तेवढं टिकलंय. पहिल्या लिफाफ्यात पात्रता आणि तांत्रिक कागद, दुसऱ्यात फक्त दर. पहिल्यात पास झालेल्यांचाच दुसरा उघडतो. पहिल्या लिफाफ्यातल्या कुठल्याही कागदावर किंमत दिसली, अगदी जोडलेल्या माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात असली, तरी निविदा धोक्यात येते.

महाटेंडर्स या महाराष्ट्र शासनाच्या निविदा पोर्टलच्या मागे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची प्रणाली चालते, त्यामुळे केंद्राच्या ई-प्रोक्युअर पोर्टलवर हात बसला की इथेही बसतो. तिसऱ्या वर्गाचं डिजिटल सही प्रमाणपत्र लागतं. दरपत्रक, म्हणजे बीओक्यू, एक्सेल फाइल असते. ती उतरवून, भरून, त्याच नावानं परत चढवायची. फाइलचं नाव बदललं, कोष्टकात फेरफार केला की प्रणाली ती घेत नाही. टक्केवारीच्या बीओक्यूमध्ये ‘जास्त’ की ‘कमी’ हे निवडायचा एक छोटा रकाना असतो. १२ टक्के कमी भरायचं ते १२ टक्के जास्त भरलं गेलं, तर नंतर सांगून उपयोग होत नाही. चढवण्याआधी खाली अक्षरी उमटलेली एकूण रक्कम मोठ्यानं वाचा.

मुदतीपर्यंत निविदा बदलून पुन्हा दाखल करता येते, मात्र एकदा ‘मागे घेणे’ दाबलं की त्या निविदेत परत प्रवेश नाही. हे दोन पर्याय वेगळे आहेत. इसारा आरटीजीएसनं भरत असाल तर पैसे प्रणालीत दिसायला वेळ लागतो, म्हणून किमान दोन दिवस आधी भरा. घड्याळ सर्व्हरचं चालतं. आणि शेवटच्या आठवड्यात रोज एकदा शुद्धिपत्रकं पाहा, कारण मुदतवाढीच्या शुद्धिपत्रकातच तपशिलाचे बदलही घुसवलेले असतात.

जेमचं जग थोडं वेगळं

९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालेलं ‘जेम’ हे केंद्राचं बाजारपोर्टल. तिथे निविदेचा दस्तऐवज प्रणाली स्वतः तयार करते, त्यामुळे तो छोटा आणि नीटस दिसतो. सुरुवातीच्या तक्त्यात इसारा किती, अनुभव व उलाढालीत लघुउद्योगाला सूट आहे की नाही, निविदेनंतर उलट लिलाव (दर एकमेकांपेक्षा खाली आणत जाण्याची फेरी) आहे का, हे सगळं एका नजरेत कळतं. पण अटींचे थर इथेही आहेत. तळाला जेमच्या सर्वसाधारण अटी, त्यांच्यावर त्या वस्तू-सेवेच्या विशेष अटी, आणि सगळ्यात वर खरेदीदारानं त्या बिडपुरत्या, म्हणजे त्या निविदेपुरत्या, जोडलेल्या जादा अटी. वरचा थर खालच्याला भारी. जादा अटी बऱ्याचदा वेगळ्या पीडीएफच्या दुव्यात असतात आणि तो दुवा न उघडता दर भरणारे खूप आहेत.

खरेदीदाराला हवं ते घालायची मोकळीक मात्र नाही. कोणत्या प्रकारच्या जादा अटी ग्राह्य धरल्या जाणार नाहीत, याची यादी बिडच्या शेवटी छापलेली असते. हरकत असेल तर बिड प्रसिद्ध झाल्यापासून ४ दिवसांत नोंदवायची. ही मुदत फार लवकर सरते, म्हणून बिड दिसल्याच्या दिवशीच शेवटचं पान वाचावं.

काम मिळालं, आता

आधी स्वीकृतीपत्र येतं. ते निविदेशी ओळीनं ताडून पाहा: परिमाण, दर, कर, मुदत. काही बदललेलं आढळलं तर त्याच दिवशी लेखी कळवा. गप्प बसून माल पाठवला तर तुम्ही ते मान्य केलं असा अर्थ काढला जातो. सर्वांत कमी दरवाल्याला वाटाघाटीला बोलावण्याची एक जुनी पद्धत आहे. केंद्राच्या नियमात ती अपवादानंच आणि फक्त सर्वांत कमी दरवाल्याशीच करायची आहे, दुसऱ्या-तिसऱ्याशी नाही.

मग करारनामा. केंद्र किंवा राज्य शासनाचा करार असेल तर वर ‘भारताचे राष्ट्रपती’ किंवा ‘महाराष्ट्राचे राज्यपाल’ यांच्या नावानं असं लिहिलेलं दिसेल. राज्यघटनेच्या २९९ व्या अनुच्छेदाची ती अट आहे. त्यांच्या वतीनं सही करणारा अधिकारी तसा प्राधिकृत असावा लागतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की एखाद्या साहेबांनी फोनवर ‘सुरू करा, कागद मागून देतो’ म्हटलं म्हणून काम सुरू करू नये. करारनामा झाल्याशिवाय काम सुरू करू नये असं जीएफआरच सांगतो. तोंडी सांगितलेल्या जादा कामाची बिलं वर्षानुवर्षं लोंबकळतात, आणि तोवर ते साहेब बदलून गेलेले असतात.

दरकरार असेल तर आणखी एक सावधगिरी. दरकरारात दर पक्का असतो, परिमाणाची हमी नसते. ‘अंदाजे ५,००० नग’ हा आकडा पाहून कच्चा माल भरून ठेवू नका, प्रत्येक पुरवठा आदेश हातात आल्यावरच पुढचं पाऊल.

देयकाचं कलम वाचताना ‘दिवस कधीपासून मोजायचे’ ते शोधा. ‘३० दिवसांत देयक’ असं असलं तरी ते माल पोहोचल्यापासून, तपासणीनंतर, की अनुदान उपलब्ध झाल्यावर? ‘निधी उपलब्धतेनुसार’ हे दोन शब्द जिथे असतील तिथे खेळतं भांडवल दुप्पट धरा. सूक्ष्म व लघु उद्योगाला मात्र २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचं बळ आहे. लेखी ठरलेली मुदत कितीही असो, ४५ दिवसांपुढे ती जाऊ शकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं, आणि याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे, जी थकलेल्या बिलांचे वाद ऐकते, दाद मागता येते. हे व्याज मागणारे थोडेच, कारण पुढचं टेंडरही त्याच कार्यालयातून निघणार असतं. निदान बिलाच्या पत्रात कायद्याचा आणि उद्यम क्रमांकाचा उल्लेख करायला काही हरकत नाही.

निविदा बाद झाली तर कारण लेखी मागा. छाननीचा अहवाल पोर्टलवर चढवलेला असतो, त्यात तुमच्या नावापुढे एका ओळीत कारण असतं. इतरांच्या नावांपुढचीही कारणं वाचा. कोणत्या खात्याची छाननी समिती कुठल्या कागदावर अडते, हे तिथे फुकट शिकायला मिळतं.

आणि पहिलं टेंडर भरण्याआधी, आपल्याच मालाचं एक जुनं, निकाल लागलेलं टेंडर महाटेंडर्सच्या निकालांतून उघडा. त्याचा पूर्ण दस्तऐवज हाती लागला तर आपला दर काढून ठेवा, नुसतं ‘समजा’ म्हणून, जोडपत्रं आणि वॉरंटी धरून. मग निकालातला जिंकलेला दर पाहा. तो तुमच्यापेक्षा बराच खाली असेल तर दोनच शक्यता उरतात: त्याला कच्चा माल स्वस्त पडतो, किंवा त्यानं जोडपत्र वाचलं नव्हतं.